आडव्या रेघा, उभ्या रेघा

सारख्या अंतरावर ओढलेल्या आडव्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या तशाच समांतर उभ्या रेघा, एवढ्यातून ग्रिड तयार होते. आलेखाची वही, बुद्धिबळाचा पट, शब्दकोड्याची चौकट ही तिची रोजच्या पाहण्यातली रूपे. या जाळीमुळे कुठल्याही जागेला, वस्तूला किंवा आकड्याला दोन खुणांचा पत्ता मिळतो: कितवी ओळ आणि कितवा रकाना. पुरातत्त्व, नकाशाशास्त्र, हवामान, शेतीतले प्रयोग, रसायनशास्त्र, चित्रकला, मेंदूविज्ञान अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या शाखांनी ती आपापल्या गरजेपोटी उचलली आणि प्रत्येकीने तिच्याकडून वेगळे काम करून घेतले. एक प्रश्न मात्र बहुतेकांना सोडवावा लागला: एक घर केवढे असावे? मोठे धरले तर आतला तपशील हरवतो. लहान धरले तर घरांची संख्या आणि खर्च आवाक्याबाहेर जातो.

पुरातत्त्वज्ञांची गरज सर्वांत निकडीची, कारण त्यांचे काम पुन्हा करता येत नाही. उत्खननात पुरावा बाहेर येतो तेव्हा तो ज्या मातीत होता ती माती कायमची हलते. मणी किंवा खापराचा तुकडा हाती लागला, पण तो नेमका कुठे, किती खोलीवर आणि कशाच्या शेजारी होता हे नोंदले गेले नाही, तर त्याची निम्मी साक्ष गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून १९४४ मध्ये आलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी त्याच वर्षी तक्षशिलेला प्रशिक्षण शिबिर भरवले आणि तरुण अभ्यासकांना शिस्तशीर उत्खननाचे धडे दिले. त्यांची चौकोनांची पद्धत भारतात चांगलीच रुजली. पांढरीच्या टेकाडावर खुंट्या ठोकून दोऱ्या ताणायच्या, सारख्या मापाचे चौकोन आखायचे, प्रत्येकाला अक्षर आणि अंक मिळून नाव द्यायचे, आणि दोन चौकोनांच्या मधे मातीची एक पट्टी न खणता उभी ठेवायची. चौकोन पाच मीटरचा असेल तर चार बाय चार मीटर खणले जाते आणि उरलेली मीटरभर पट्टी भिंतीसारखी राहते. या भिंतीचा उभा छेद फार मोलाचा असतो. राखेचा काळपट थर, पुराचा गाळ, चोपून केलेल्या जमिनीची पातळ रेघ त्यात एकावर एक दिसतात. थरांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या टोचल्या जातात आणि सापडलेल्या वस्तूंच्या पिशवीवर चौकोनाचे नाव, थर आणि खोली लिहिली जाते.

या पद्धतीतून काय हाती लागते ते पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात दिसले. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगातली वस्ती उघडी केली. एकच खोल खड्डा घेतला असता तर वस्तीचे कालखंड कळले असते, गाव कळले नसते. चौकोनाला चौकोन जोडत आडवे पसरल्यामुळे १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले आणि कोण कुठे राहत होते याचे चित्र उभे राहिले. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. नंतरच्या काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे होत जाऊन लोकांना हलाखीचे दिवस आले, असा अर्थ ढवळीकरांनी त्यातून लावला. यातला एकही निष्कर्ष सुट्या वस्तूंवरून निघण्यासारखा नाही. घरे, चुली, दफने यांची एकमेकांशी असलेली अंतरे जाळीवर टिपली गेली, म्हणून तो निघाला.

नकाशाच्या जाळीला वेगळी अडचण असते, ती म्हणजे पृथ्वी गोल आहे. पण त्याआधी तिची सोय पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांचे क्रमांक हे जाळीत जाळी बसवण्याचे सुरेख उदाहरण आहे. आधी सगळा प्रदेश चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशांच्या मोठ्या घरांत वाटला आणि प्रत्येक घराला अंक दिला. १६ ते २० अंश उत्तर आणि ७२ ते ७६ अंश पूर्व या घराचा अंक ४७. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना ए ते पी ही अक्षरे दिली, वरून खाली आणि मग शेजारचा रकाना या क्रमाने. त्या प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे केले, क्रमांक १ ते १६. पुणे शहराचा गाभा साडेअठरा अंशांच्या किंचित उत्तरेला आणि ७३ अंश ५१ मिनिटे रेखांशाच्या आसपास आहे, म्हणून तो '४७ एफ/१४' या कागदावर सापडतो. ज्याला क्रम ठाऊक आहे त्याला नुसत्या क्रमांकावरून शेजारचे कागद कोणते हेही सांगता येते. कागदावरच्या किलोमीटरच्या चौकोनांना पुढे दोन-दोन अंकी क्रमांक असतात. आधी पूर्वेकडचा आकडा वाचायचा, मग उत्तरेकडचा. चार अंकांत एक चौरस किलोमीटरचे घर कळते आणि प्रत्येक बाजूचे मनाने दहा भाग पाडले की सहा अंकांत शंभर मीटरच्या आतली जागा.

टपाल खात्याने २०२५ मध्ये जाहीर केलेला डिजिपिन हा पत्त्याचा संकेतही याच तत्त्वावर चालतो. भारताभोवती ३६ अंश बाय ३६ अंशांचा एक चौकोन कल्पिला आहे. त्याचे चार बाय चार असे सोळा भाग पडतात आणि प्रत्येकाला एक खूण मिळते. मग त्या भागाचे सोळा, त्याचेही सोळा, असे दहा वेळा. दहाव्या खुणेला घराची बाजू जेमतेम चार मीटर उरते. ज्या वाडीत रस्त्याला नाव नाही आणि घराला क्रमांक नाही, तिथल्या उंबऱ्यालाही यामुळे स्वतःचा पत्ता मिळू शकतो. समुद्रातल्या होडीलाही मिळतो, कारण जाळी जमीन आणि पाणी असा भेद करत नाही.

आता गोलाईची अडचण. रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येतात. विषुववृत्तावर एका अंशाची रुंदी सुमारे १११ किलोमीटर असते, पुण्याच्या अक्षांशावर १०५ च्या थोडी वर, आणि ६० अंश उत्तरेला ५६ च्याही आत. म्हणजे अंशांत सारखी दिसणारी घरे जमिनीवर सारखी नसतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या यूटीएम पद्धतीत यावर उपाय म्हणून पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० उभे पट्टे केले आहेत आणि प्रत्येक पट्ट्याला त्याची स्वतंत्र सपाट जाळी आहे. महाराष्ट्र यात दुभागला जातो: ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेची अमरावती ४३ व्या पट्ट्यात, तर वर्धा आणि नागपूर ४४ व्या. त्या रेषेवरून जाणाऱ्या कालव्याची किंवा रस्त्याची आखणी करताना दोन पट्ट्यांचे आकडे एकाच पट्ट्यात बदलून घ्यावे लागतात. अमेरिकेत याच गोलाईने रस्ते वाकवले. तिथे १७८५ च्या जमीन कायद्याने सहा मैल बाजूचे चौकोन आणि त्यात प्रत्येकी एक चौरस मैलाचे ३६ तुकडे अशी मोजणी ठरवून दिली. उत्तरेकडे सरकताना उभ्या रेषा जवळ येऊ लागल्या, म्हणून मोजणीदारांना ठरावीक अंतरावर दुरुस्तीच्या रेषा घेऊन चौकोन नव्याने सुरू करावे लागले. अमेरिकेच्या मध्य भागातल्या सपाट शेतांमधून सरळसोट जाणारा रस्ता मधेच काही कारण नसताना काटकोनात वळतो आणि लगेच पुन्हा सरळ होतो, ती जागा बहुधा अशी दुरुस्तीची असते.

वनस्पतिशास्त्रात जाळी आली ती डोळ्यांवरचा विश्वास उडाल्यामुळे. रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स हे अमेरिकी अभ्यासक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशाचा अभ्यास करत होते. कुठले गवत किती आहे याचा नजरेने केलेला अंदाज आणि आखलेल्या चौकोनात एकेक रोप मोजून आलेला आकडा यांत मोठी तफावत निघाली. ठळक फुलांची झाडे नजर भरून टाकतात. बुटक्या, कोवळ्या, एकसारख्या रोपांकडे तिचे दुर्लक्ष होते. तेव्हापासून मीटरभर बाजूची चौकट जमिनीवर टाकून तिच्या आतले सगळे मोजणे हा परिसरशास्त्राच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा आहे. कासच्या पठारासारख्या सड्यावर हा धडा चांगला पटतो, कारण तिथे दोन पावलांवर मातीची खोली बदलते आणि तिच्याबरोबर वनस्पतीही बदलतात. चौकट कुठे टाकायची हे मोजणाऱ्याच्या आवडीवर सोडत नाहीत. जागा आधीच ठरवलेल्या असतात. एखाद्या घरात काहीच सापडले नाही तर ते शून्यही लिहून ठेवायचे असते.

वाघांच्या गणनेतही शून्याला तेवढेच महत्त्व आहे. व्याघ्र प्रकल्पांत जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे भाग पाडून प्रत्येकात कॅमेऱ्यांची एक जोडी बसवली जाते. दोन कॅमेरे समोरासमोर असतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. वाघाचा वावर अनेक घरांत पसरलेला असल्यामुळे एकच वाघ कुठल्या घरांत, किती वेळा दिसला यावरून त्याचा मुलूख ठरतो आणि न दिसलेल्या वाघांचा हिशेबही मांडता येतो. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते. साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे निघाली. त्यांतली वाघांची होती सुमारे ७६ हजार.

जाळीचा सर्वांत धाडसी उपयोग हवामानशास्त्रात झाला. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने वातावरणाचे चौकोनी तुकडे कल्पिले. प्रत्येक तुकड्यातला दाब, वारा, तापमान आणि आर्द्रता मोजायची. शेजारच्या तुकड्यातून किती हवा आत येईल आणि किती बाहेर जाईल हे भौतिकशास्त्राच्या नियमांनी काढायचे. नवे आकडे मांडायचे आणि पुन्हा तेच करायचे. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवत होता. सुट्टीच्या वेळात, थंडगार मुक्कामात, गवताच्या ढिगाचे टेबल करून त्याने २० मे १९१० या एका दिवसाच्या फक्त सहा तासांचा अंदाज हाताने काढला. घरे सुमारे २०० किलोमीटरची होती. त्या सहा तासांच्या हिशेबाला सहा आठवड्यांच्या आसपास वेळ लागला. मधेच हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

उत्तर साफ चुकले. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असे गणित सांगत होते. भीषण चक्रीवादळातही इतक्या वेळात एवढी उलथापालथ होत नाही, आणि त्या दिवशी तर दाब जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसनने हे अपयश १९२२ च्या आपल्या ग्रंथात जसेच्या तसे छापले. विज्ञानाच्या इतिहासात इतका प्रामाणिक आणि इतका उपयोगी पडलेला चुकीचा आकडा क्वचितच सापडेल. पुढे कळले की पद्धत बरोबर होती. सुरुवातीच्या मोजमापांत दाब आणि वारा यांचा मेळ नव्हता आणि तो दोष पुढच्या आकड्यांत अनेक पटींनी फुगला होता. सबंध जगाचा अंदाज हवामानाच्या चालीने काढायचा तर ६४ हजार माणसे एकाच वेळी आकडेमोड करत बसवावी लागतील, असाही हिशेब त्याने मांडून ठेवला होता. ती माणसे पुढे यंत्रांच्या रूपाने आली. १९५० मध्ये ज्यूल चार्नी, रॅग्नार फ्योर्टोफ्ट आणि जॉन फॉन नॉयमन यांनी एनिॲक या संगणकावर ७३६ किलोमीटर अंतराच्या जाळीने पहिले अंदाज काढले. चोवीस तासांच्या अंदाजाला साधारण चोवीस तासच लागले.

घर निम्मे केले तर काय होते? आडव्या पसाऱ्यात घरे चौपट होतात. शिवाय लहान घरातून हवा लवकर पार होते, म्हणून हिशेबाची पावले निम्म्या वेळाने टाकावी लागतात. काम एकदम आठपट होते. एवढा खर्च कशासाठी, याचे उत्तर महाराष्ट्राच्या नकाशावरच आहे. अलिबाग ते पुणे हे सरळ रेषेतले अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. घर शंभर किलोमीटरचे असेल तर समुद्रकिनारा, कोकणपट्टी, सह्याद्रीचा कडा आणि घाटमाथ्यामागचा कोरडा पट्टा असे सगळेच एका घरात येतात. संगणकाला त्या घराची सरासरी उंची कळते. कडा कळत नाही. कडाच नसला की अरबी समुद्रावरून आलेले वारे एकदम वर चढत नाहीत आणि घाटातला पाऊस सगळीकडे पातळ पसरतो. प्रत्यक्षात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत पंचवीसएक किलोमीटरवरच्या वाईत त्याचा लहानसा अंशच. हा फरक दिसायला घर त्या अंतराहून बरेच लहान हवे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये रुजू झाली, तिची जाळी सहा किलोमीटरची आहे. आधीची बारा किलोमीटरची होती. सहा किलोमीटरच्या घरांत घाटाची चढण निदान काही पायऱ्यांनी तरी दिसते. एखाद्या खोऱ्यात कोसळणारी ढगफुटीसारखी सर मात्र त्याहूनही लहान असू शकते.

जुन्या पावसाच्या नोंदीही जाळीवर बसवल्या आहेत. भारतीय हवामान विभागाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या घरांत मांडला, त्यासाठी देशभरातल्या सुमारे सात हजार पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या. अभ्यासकांना त्याचा अतोनात उपयोग होतो. पण असा आकडा वाचताना एक भान हवे: ज्या घरात पर्जन्यमापक नाही, तिथला आकडा शेजारच्यांवरून काढलेला असतो. नकाशावर तो मोजलेल्या आकड्याइतकाच ठाम दिसतो.

शेतात जाळीचे काम अगदी निराळे आहे. तिथे ती जमिनीतला फरक शोधत नाही, तो फरक हिशेबातून बाजूला काढते. समजा, ज्वारीच्या चार वाणांची तुलना करायची आहे. शेताची एक बाजू ओढ्याकडे उतरती, म्हणून ओलसर. दुसऱ्या दिशेने पाहिले तर माती हलकी होत गेलेली. एक वाण ओलाव्याच्या कडेला आणि दुसरा मुरमाड कोपऱ्यात पेरला तर जिंकला कोण, वाण की जमीन? उपाय असा की शेताचे चार बाय चार वाफे करायचे आणि वाण असे वाटायचे की प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदा आणि प्रत्येक उभ्या ओळीत एकदाच येईल. पहिली ओळ क ख ग घ, दुसरी ख ग घ क, तिसरी ग घ क ख, चौथी घ क ख ग. प्रत्यक्ष प्रयोगात ओळींचा क्रम चिठ्ठ्या टाकून बदलतात. आता ओल्या ओळीचा फायदा चारही वाणांना सारखा आणि हलक्या मातीचा तोटाही सारखा. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी ती शेतीप्रयोगांत रुजवली. भारतात वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथातून कृषी संशोधकांच्या पिढ्या हे तंत्र शिकल्या.

या चौरसाची गणिती बाजू अधिकच रंजक आहे आणि तिच्यात एका मराठी गणितज्ञाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. लिओनार्ड ऑयलरने १७८२ मध्ये एक कोडे मांडले. सहा पलटणींतून सहा हुद्द्यांचे प्रत्येकी एक असे ३६ अधिकारी आहेत. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीत सहाही पलटणी आणि सहाही हुद्दे एकेकदाच येतील. म्हणजे दोन लॅटिन चौरस एकावर एक ठेवायचे आणि एकही जोडी पुन्हा येऊ द्यायची नाही. बाजूला तीन, चार किंवा पाच घरे असलेल्या चौकोनांत हे जमते. सहाच्या चौकोनात जमत नाही असे ऑयलरला वाटले, आणि दहा, चौदा, अठरा अशा, चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या, कुठल्याही संख्येला ते जमणार नाही असा तर्क त्याने केला. सहाबद्दलचा त्याचा अंदाज गास्तों तारी यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर खरा ठरवला. बाकीचा तर्क पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला. १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी २२ बाय २२ चा चौकोन रचून तो मोडला; मग अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा रचला; आणि तिघांनी मिळून सिद्ध केले की दोन आणि सहा सोडून सगळ्या संख्यांना असे चौकोन असतात. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. नागपुरात शिकलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते. २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वर्तमानपत्रातले सुडोकू सोडवणारा प्रत्येक वाचक नऊ बाय नऊचा लॅटिन चौरसच भरत असतो, फक्त त्याला तीन बाय तीनच्या चौकटींची आणखी एक अट असते.

रिकाम्या घराचे मोल रसायनशास्त्राने दाखवून दिले. दिमित्री मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्ये ओळी आणि रकान्यांत मांडली, तेव्हा गुणधर्म जुळावेत म्हणून त्याने काही घरे मोकळी सोडली आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्यांचे वर्णन शेजाऱ्यांवरून आधीच लिहून ठेवले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधकर्त्याने त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवले की ती ५.९ च्या जवळ असायला हवी. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ५.९ च निघाली. प्रयोगशाळेत धातू हाताळणाऱ्यापेक्षा, तो कधीही न पाहिलेल्या माणसाचे म्हणणे बरोबर ठरले. १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले आणि आणखी दोन घरे भरली.

चित्रकारांची जाळी फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमधल्या अर्धवट राहिलेल्या थडग्यांत भिंतीवर लाल रेघांचे चौकोन आजही दिसतात. उभ्या माणसाची आकृती तळव्यापासून कपाळावरच्या केसांपर्यंत १८ घरांची, हा नियम शतकानुशतके चालला. छोट्या चित्रावर आणि मोठ्या भिंतीवर सारख्याच संख्येचे चौकोन पाडून घराघराने चित्र उतरवण्याची रीत आजही रंगाऱ्यांच्या हातात आहे. रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र १७६ बाय १७६ घरांत तोडून संगणकात घातले, आणि मोबाइलच्या पडद्यावरचे प्रत्येक चित्र आज त्याच रीतीने घराघरांनी साठवले जाते. नेत्रतज्ज्ञांनी तर सगळ्या चित्रांतले चित्र काढून टाकून फक्त जाळी ठेवली. मार्क आम्सलर या स्विस डॉक्टरच्या नावाचा तक्ता म्हणजे दहा सेंटिमीटरच्या चौकोनात पाच-पाच मिलिमीटरची घरे आणि मध्यभागी एक ठिपका. वाचनाचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, ठिपक्याकडे पाहायचे. सरळ रेघा वाकड्या, लाटांसारख्या दिसल्या किंवा काही घरे पुसल्यासारखी वाटली तर डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग बिघडत असण्याची शक्यता असते आणि डॉक्टरांकडे लगेच जावे. उतारवयात पडदा झिजण्याचा त्रास असलेल्यांना हा तक्ता घरी लावून ठेवायला सांगतात.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना एक सूत्र आवडेल. गेओर्ग पिक या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १८९९ मध्ये दाखवले की चौरसात मांडलेले ठिपके सरळ रेघांनी जोडून एक बंद, स्वतःला न छेदणारी आकृती काढली, तर तिचे क्षेत्रफळ नुसते ठिपके मोजून कळते. आतले ठिपके, अधिक रेघेवरच्या ठिपक्यांचे निम्मे, वजा एक. आत पाच आणि रेघेवर आठ असतील तर क्षेत्रफळ आठ लहान चौकोनांइतके. आकृती कितीही तिरपी, कोनाकोनांची असली तरी नियम लागू पडतो.

शहररचनेत जाळीचे गुण आणि दोष दोन्ही जमिनीवर उमटतात. मोहेंजोदडोचे मुख्य रस्ते एकमेकांना काटकोनाच्या जवळपास छेदतात. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेले जयपूर नऊ चौकोनांच्या कल्पनेवर उभे आहे. वायव्येला डोंगर आडवा आल्यामुळे तिथला चौकोन पूर्वेच्या बाजूला सरकवला गेला. न्यूयॉर्कच्या १८११ च्या आराखड्याने याच्या उलट केले: मॅनहॅटनवर १५५ आडव्या रस्त्यांची जाळी आखली आणि टेकड्या जाळीसाठी कापून काढल्या. पत्ता सांगणे, भूखंड विकणे, नळ टाकणे तिथे सोपे झाले. पण ओढे, उतार आणि जुन्या वाटा यांना त्या आराखड्यात जागा उरली नाही. डोंगराला वळसा घालणारा जयपूरचा आराखडा या बाबतीत अधिक शहाणा म्हटला पाहिजे.

आतापर्यंतच्या जाळ्या माणसाने बाहेरून टाकलेल्या होत्या. काही जाळ्या निसर्गात मुळातच असतात. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन यांचे कण आळीपाळीने घनाकृती जाळीत बसलेले असतात आणि तिच्या एका घराची बाजू ०.५६ नॅनोमीटर भरते. खडा फोडला तरी चौकोनी कडा राहतात त्या त्यामुळेच. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवले गेले, पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटली आणि अणूंच्या मांडणीचा पुरावा मिळाला. पुढे विल्यम हेन्री ब्रॅग आणि लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी त्या नक्षीवरून घरांची मापे काढण्याची रीत बसवली.

दुसरी जाळी मेंदूत आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या होत्या की उंदीर एका विशिष्ट जागी आला की त्यांच्यातली एक पेशी जागी होते. २००५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाला शेजारच्या भागात वेगळ्याच पेशी सापडल्या. उंदीर मोकळ्या पेटीत हिंडत असताना एकच पेशी अनेक ठिकाणी जागी होत होती, आणि ती ठिकाणे कागदावर मांडल्या तर समभुज त्रिकोणांची नियमित जाळी तयार होत होती. पेटीच्या तळाला कसल्याही रेघा नव्हत्या. दिवे मालवले तरी जाळी टिकत होती, कारण प्राणी आपली पावले आणि वळणे यांवरून अंतराचा हिशेब ठेवत होता. ही जाळी चौकोनी का नसावी? चौकोनाच्या मांडणीत कोपऱ्यावरचा शेजारी बाजूच्या शेजाऱ्यापेक्षा लांब पडतो. त्रिकोणांच्या मांडणीत प्रत्येक बिंदूचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, आणि तेवढ्याच बिंदूंत जागा अधिक सारखेपणाने व्यापली जाते. या कामासाठी ओकीफ आणि मोसर दांपत्याला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूत तारा बसवलेल्या रुग्णांमध्येही अशा पेशींच्या खुणा आढळल्या आहेत.

या पेशींची जाळी एकाच मापाची नसते. मेंदूच्या त्या भागात वरून खाली जावे तसे बिंदूंमधले अंतर टप्प्याटप्प्याने वाढत जाते, दर टप्प्याला साधारण १.४ पटीने. बारीक जाळी जवळची जागा नेमकी सांगते, मोठी जाळी दूरचा पल्ला सांभाळते, आणि दोन्ही मिळून ठिकाण पक्के होते. अल्झायमरच्या आजारात सर्वांत आधी झीज होणाऱ्या भागांपैकी हा एक भाग आहे, आणि ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकणे हे त्या आजाराच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक. म्हणून दिशा आणि अंतर ओळखण्याच्या साध्या चाचण्यांवरून हा आजार विस्मरणाच्याही आधी हेरता येईल का, यावर आता संशोधन चालू आहे.